मेक्सिकोची मक्याची भाकरी व तिच्यांतील चुन्याचें मर्म

आपल्या राज्यांत नाशिक, जळगांव, छत्रपति संभाजीनगर, जालना, सांगली वगैरे जिल्ह्यांतून मक्याचें पीक आतां मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें आहे. परंतु हा मका शेतकऱ्याच्या घरांत फारसा राहात नाहीं. मळणी झाली कीं तो पोत्यांत भरून बाजारास जातो, आणि तेथून कोंबड्यांच्या खाद्याच्या व स्टार्चच्या कारखान्यांकडे त्याची रवानगी होते. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबें सोडल्यास मक्याची भाकरी रोजच्या ताटांत असणारीं घरें थोडींच. कोणीं हौसेनें केली तर थापतांना ती कडेला चिरते, तव्यावर टाकतांना मोडते व निवाल्यावर वातड होते. मग घरांतील मंडळी मक्याला नांवें ठेवून पुन्हां ज्वारी-बाजरीकडे वळतात. वास्तविक दोष मक्याचा नसून कृतीचा आहे. आणि हें धान्य ज्यांच्या अंगणांत जन्मलें त्या लोकांची रीत पाहिल्यावांचून हें ध्यानांत येत नाहीं.

मका मूळचा मेक्सिकोंतील. सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं तेथील लोकांनीं टिओसिंटे नांवाच्या एका रानगवतापासून पिढ्यान् पिढ्या बी निवडून हें पीक घडविलें. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेच्या बेटांवर उतरला, व त्याच्या मागोमाग मक्याचें बी स्पेनमध्यें पोंचलें. पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून तें आफ्रिका व आशिया खंडांच्या किनाऱ्यांस लागलें. बी खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या हातून गेलें. पण तें रांधण्याची रीत ज्या बायकांना ठाऊक होती त्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. जगानें मका घेतला, त्याबरोबरचा चुना मागेंच राहिला. या एका विसराची किंमत पुढें किती लोकांनीं भरली तें खालीं सांगितलेंच आहे.

मेक्सिकोंत भाकरीसाठीं मका कोरडा दळण्याची चाल नाहीं. वाळलेले दाणे चुना घातलेल्या पाण्यांत शिजवितात, रात्रभर त्याच पाण्यांत मुरूं देतात, सकाळीं धुतात आणि ओलेच वाटतात. अशा शिजविलेल्या मक्याला तेथील जुन्या नाहुआ भाषेंत ‘नेश्तामल्ली’ म्हणतात. यांतील ‘नेश्तली’ या शब्दाचा अर्थ राख. कारण चुन्याप्रमाणेंच लांकडाच्या राखेचाहि या कामीं उपयोग होत असे. वाटलेल्या ओल्या पिठास स्पॅनिश भाषेंत ‘मासा’ व त्याच्या पातळ भाकरीस ‘तोर्तिया’ असें नांव आहे. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं तें राज्य जिंकलें तेव्हां ही भाकरी तेथें कित्येक शतकें रुळलेली होती. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्यानें सोळाव्या शतकांत तेथील लोकांकडून माहिती मिळवून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यांत बाजारांत विकल्या जाणाऱ्या तोर्तियांचे किती तरी प्रकार नोंदलेले आहेत.

आतां चुना न घेतां मका घेणाऱ्यांचें काय झालें तें पाहूं. युरोपांत मका लवकरच गरिबांचें अन्न झाला. दाणे कोरडे दळावे, पिठाची घट्ट लापशी करावी व बाराहि महिने बहुतेक तीच खावी, असा स्पेन व इटली या देशांच्या उत्तर भागांतील शेतमजुरांचा क्रम पडला. १७३५ सालीं स्पेनच्या आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें एका अपरिचित रोगाचें वर्णन केलें. उन्हानें भाजल्याप्रमाणें हातापायांची व मानेची कातडी लाल होऊन सोलते, पोट बिघडतें, पुढें बुद्धीला भ्रम होतो आणि शेवटीं माणूस दगावतो. १७७१ सालीं इटलींत फ्रापोली यानें त्यास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हें लोकांच्या तोंडचें नांव दिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या प्रांतांत वणव्यासारखा पसरला. १९०६ ते १९४० या काळांत तेथें सुमारें एक लाख माणसें त्यानें मेलीं असावींत असा अंदाज आहे.

हा रोग सांसर्गिक आहे असें त्या वेळीं बहुतेक डॉक्टर मानीत. १९१४ सालीं तेथील सरकारनें जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरास चौकशीवर नेमलें. अनाथाश्रमांत व वेड्यांच्या इस्पितळांत रोगी खितपत पडतात, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कांहीं होत नाहीं, हें त्याच्या नजरेस आलें. १९१५ सालीं मिसिसिपी प्रांतांतील एका तुरुंगाच्या शेतावर कांहीं कैद्यांना माफीच्या करारावर केवळ मक्याचें पीठ, साखर, तांदूळ अशा निकस आहारावर ठेवून त्यानें हा रोग उत्पन्न करून दाखविला. एवढ्यानेंहि शंकेखोरांचें समाधान होईना, तेव्हां १९१६ सालीं त्यानें रोग्यांचें रक्त आपल्या अंगांत टोचून घेतलें. त्याची पत्नीहि या प्रयोगांत सामील झाली. त्यांना कांहीं झालें नाहीं. गोल्डबर्गर १९२९ सालीं वारला. ज्या द्रव्याच्या अभावानें हा रोग होतो तें निकोटिनिक ॲसिड, म्हणजेच नायसिन, हें १९३७ सालीं कॉनराड एल्व्हेजेम यानें ओळखलें.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. १९९० सालीं मलावी देशांत आश्रयास आलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांत या रोगाचे सुमारें अठरा हजार रोगी आढळले. त्यांच्या शिध्यांत मका होता. भुईमुगाचे दाणे येत होते तोंपर्यंत कांहीं बिघडलें नव्हतें, ते येण्याचें थांबलें आणि रोग उद्भवला. आपल्या दख्खनच्या पठारावरहि तो अनोळखी नव्हता. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा होतो हें हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेंतील गोपालन् व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें होतें. ज्वारीच्या बाबतींत कारणमीमांसा वेगळी आहे, आणि चुन्याचा उपाय मक्याचा आहे, ज्वारीचा नव्हे, हें येथें स्पष्ट सांगून ठेवतों. तात्पर्य इतकेंच कीं, एकाच धान्यावर पोट भरण्याची पाळी येते तेथें त्या धान्याची घडण समजून घेणें हा जिवाचा प्रश्न असतो. मेक्सिकोंतील गरीब शेतकरीहि मक्यावरच जगत आला. परंतु युरोप-अमेरिकेप्रमाणें हा रोग तेथें माजला नाहीं.

याचें कारण मक्याच्या दाण्यांत आहे. नायसिन मक्यांत असतें, पण तें दाण्यांतील इतर द्रव्यांशीं इतकें जखडलेलें असतें कीं आपल्या आंतड्यांना तें सोडवून घेतां येत नाहीं. चुन्याच्या पाण्यांत दाणा शिजला म्हणजे तें बंधन तुटतें. दुसरें, दाण्याची चिवट साल चुन्यानें मऊ पडून सुटते. तिसरें, मक्यांत कॅल्शियम नांवालाच असतें. चुन्यांतील कॅल्शियम दाण्यांत शिरून तें अनेक पटींनीं वाढतें. आणि चौथी गोष्ट गृहिणीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची: अर्धवट शिजलेला स्टार्च आणि विरघळलेल्या सालीचा चिकटपणा यांमुळें पिठाला विरी येते. गव्हाच्या कणकेंत जो चिवटपणा स्वभावतःच असतो तो मक्यांत नाहीं. म्हणून आपल्याकडील कोरडें पीठ कितीहि आधणांत मळलें तरी भाकरी चिरते. चुन्यांत शिजलेल्या मक्याची भाकरी घडी घातली तरी मोडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम मका निवडावा. पूर्ण वाळलेला, टपोरा दाणा घ्यावा. पांढरा मिळाल्यास उत्तम, पिवळाहि चालतो. आपल्याकडील गारेसारख्या कठीण दाण्यास शिजण्यास वेळ अधिक लागतो इतकेंच. लाह्यांचा मका व गोड मका या कामाचे नाहींत. बियाण्याच्या पिशवींतील औषध चोळलेला मका चुकूनहि घेऊं नये, कितीहि धुतला तरी घेऊं नये. बुरशी आलेलें कणीस वेगळें काढावें. चुन्यानें बुरशीचें विष कांहीं अंशीं कमी होतें हें खरें, पण त्या भरंवशावर खराब माल चुलीवर चढविणें शहाणपणाचें नव्हे.

चुना खाण्याचाच हवा. विड्याच्या पानांस लावण्याचा, रंग व सुगंध न घातलेला साधा चुना चालतो. भिंतीस देण्याचा चुना घेऊं नये. त्यांत काय मिसळलेलें आहे याचा नेम नसतो. कळीचा चुना असेल तर तो आधीं भरपूर पाण्यांत विरवून थंड होऊं द्यावा. विरतांना तो उकळून उडतो, यासाठीं मुलांना दूर ठेवावें व डोळे जपावे. प्रमाण दर किलो मक्यास दहा ग्रॅम कोरडा विरलेला चुना, म्हणजे शेंकडा एक. पानाचा ओला चुना असल्यास त्यांत पाण्याचा अंश असतो, म्हणून साधारण दुप्पट घ्यावा. आपल्या घरांतून लहान मुलांना चुन्याची निवळी देण्याची चाल आहे. तीच येथें वापरावी असें कोणास वाटेल. परंतु एक लिटर पाण्यांत दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, त्यामुळें निवळींत पुरेसा जोर नसतो. येथें गढूळ चुनाच पाण्यांत कालवून घालावयाचा आहे. खाण्याच्या सोड्यानेंहि साल सुटते असें कांहीं सांगतात. पण सोड्यांत कॅल्शियम नाहीं आणि त्याची चवहि भाकरींत राहते. आमच्या मतें चुना घरांत असतांना सोड्याचा नाद करूं नये.

भांडें स्टेनलेस स्टीलचें किंवा मातीचें घ्यावें. ॲल्युमिनियमचें पातेलें चुना खातो, व तें सारें अन्नांत उतरतें. कल्हईचें भांडेंहि नको. एक किलो मका धुऊन त्यांत तीन लिटर पाणी व कालविलेला चुना घालावा आणि मंद आंचेवर चढवावा. दाणे लगेच गर्द पिवळे दिसूं लागतात व एक विशिष्ट, ओल्या मातीसारखा वास सुटतो. उकळी फुटूं लागली कीं आंच कमी करून अर्धा-पाऊण तास ठेवावें. मधून एक दाणा काढून चिमटींत चोळावा: साल सरकून आली पाहिजे, आणि दाणा दातानें तोडल्यास बाहेरून मऊ पण मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका नाहींसा होईपर्यंत शिजविला तर पिठाचा चिकट गोळा होतो, भाकरी होत नाहीं. खालीं उतरवून झांकण घालावें आणि रात्रभर, आठ ते बारा तास, तसाच राहूं द्यावा. या मुरण्यांतच निम्में काम होतें. घाईनें तासाभरांत उपसलेला मका वाटतांना त्रास देतो.

सकाळीं तें पिवळसर पाणी ओतून द्यावें व दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावे. पुष्कळशी साल वाहून जाते. ती सगळीच काढण्याचा अट्टाहास करूं नये. थोडी राहिली तर पीठ अधिक बांधून येतें. मात्र धुण्यांत कसूर झाली तर भाकरी कडवट लागते व जिभेस चरचरते.

यापुढें वाटण. मेक्सिकोचें जुनें साधन म्हणजे ‘मेताते’: तीन पायांचा, पुढें उतरता असा दगडी पाटा, व त्यावर दोन्ही हातांनीं पुढेंमागें ओढावयाचा वरवंटा. आपल्या पाट्या-वरवंट्याचीच ही जात. मात्र तेथें बाई पाट्यामागें गुडघे टेकून बसते. मोठ्या कुटुंबाचें पीठ वाटण्यास रोज कित्येक तास लागत, आणि त्यासाठीं बायका पहाट होण्यापूर्वीं उठत. ही भाकरी पौष्टिक खरी, पण तिच्यामागें बायकांच्या गुडघ्यांची व पाठीची किती झीज होती हें तिची वाखाणणी करणारे सहसा सांगत नाहींत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील खेड्यांतून ओलें वाटण्याच्या यांत्रिक चक्क्या सुरू झाल्या तेव्हां कोठें हा जाच कमी झाला. पुढें हें पीठ सुकवून विकण्याचाहि धंदा निघाला. न्यूव्हो लिओन प्रांतांत त्याचा कारखाना १९४९ सालीं उभा राहिला.

आपल्याकडे इडली-डोशाचें वाटण करणारें दगडी विजेचें यंत्र या कामास चांगलें. पाणी अगदीं बेतानें, चमच्या-चमच्यानें शिंपडावें. साध्या मिक्सरमध्यें वाटावयाचें असल्यास दाणे थोडे थोडे घ्यावे. त्यांत पाणी जरा अधिक पडतें व पीठ सैल होतें, तेव्हां मूठभर कोरडें मक्याचें पीठ मिसळून तें सांवरावें. ओले दाणे पिठाच्या गिरणीवर मात्र नेऊं नयेत. जात्याचे दगड भरून जातील आणि गिरणीवाला दुसऱ्या खेपेस दारांत उभें करणार नाहीं. उन्हांत कडकडीत वाळवून तेच दाणे गिरणीवर दळतां येतात, व तें पीठ कांहीं दिवस टिकतेंहि. पण ओल्या वाटणाची सर त्यास येत नाहीं. ज्या गांवांत बायकांचे बचत गट आहेत तेथें असें एक ओलें वाटणारें यंत्र सामायिक घेतल्यास मक्याबरोबर इतर दहा कामें होतील, अशी आमची सूचना आहे.

पीठ मळतांना चवीपुरतें मीठ घालावें. मेक्सिकोंत पुष्कळ ठिकाणीं तेंहि घालीत नाहींत. मोदकाची तांदळाची उकड जितकी मऊ व लुसलुशीत असते, तितकें हें पीठ असावें. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून पाहावा: कड चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हां मळावें, हातास चिकटला तर पीठ थोडें उघडें ठेवावें. मळून झाल्यावर ओलें फडकें झांकून अर्धा तास ठेवावें. एक किलो मक्याचें साधारण पावणेदोन किलो पीठ होतें व त्याच्या पन्नास-साठ लहान भाकऱ्या निघतात.

आपली भाकरी परातींत पीठ पसरून एका हातानें थापतात. तोर्तियेस कोरडें पीठ लावीत नाहींत; तेथील बायका गोळा दोन्ही तळहातांमध्यें टाळी वाजविल्याप्रमाणें फिरवीत पातळ करतात, आणि सकाळच्या वेळीं हा आवाज गल्लींतून ऐकूं येई असें जुन्या प्रवाशांनीं लिहिलें आहे. हें कसब एका दिवसांत साधत नाहीं. नवशिक्यानें प्लास्टिकच्या दोन कागदांमध्यें किंवा केळीच्या पानांमध्यें गोळा ठेवून वरून सपाट बुडाच्या जड भांड्यानें दाबावें. पुऱ्या दाबण्याचें यंत्र घरांत असल्यास प्रश्नच नाहीं. वीतभराहून मोठी करूं नये.

तवा चांगला तापलेला हवा. मेक्सिकोंत मातीचा ‘कोमाल’ असतो, आपला लोखंडी तवा किंवा भाकरीचें खापर त्याच तोडीचें. भाकरी अलगद टाकावी, आपल्या पद्धतीप्रमाणें वरून पाणी फिरवूं नये. वीस-तीस सेकंदांत कड सुटली कीं उलटावी. दुसरी बाजू मिनिटभर, ठिपके पडेपर्यंत, होऊं द्यावी. मग पुन्हां पहिल्या बाजूवर पालथी घालून मधोमध बोटांनीं किंचित् दाबावें. पीठ बरोबर असेल तर ती टम्म फुगते. न फुगली तरी बिघडत नाहीं, पण फुगली म्हणजे शिजविण्यापासून वाटण्यापर्यंतची सर्व कामें साधलीं असें समजावें. तव्यावरून काढलेल्या भाकऱ्या दुरडींत जाड फडक्यांत गुंडाळून एकावर एक ठेवाव्या. त्यांच्याच वाफेनें त्या मऊ होतात. तव्यावरून थेट ताटांत घेतलेली पहिली भाकरी कोरडी लागते म्हणून नाराज होऊं नये.

खातांना सोबत डाळ किंवा उसळ हवीच. चुन्यानें नायसिन मोकळें होतें, पण मक्याच्या प्रथिनांतील उणीव चुन्यानें भरून निघत नाहीं. ती कडधान्यानें निघते. मेक्सिकोच्या शेतकऱ्यानें ही गोष्ट शेतांतच साधली आहे. ‘मिल्पा’ नांवाच्या त्याच्या जुन्या पद्धतींत मका, घेवडा व भोपळा एकाच वावरांत पेरतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, त्याचीं मुळें जमिनीस नत्र देतात, आणि भोपळ्याचीं रुंद पानें जमीन झांकून ओल व तण दोन्ही सांभाळतात. आपल्या ज्वारी-तुरीच्या मिश्रपिकाशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. ज्या मेक्सिकोंतून १९६६ सालीं आपण बुटक्या गव्हाचें अठरा हजार टन बी आणविलें, त्याच देशाच्या घेवडा-मक्याच्या वावराकडे व चुलीकडे आपलें लक्ष फारसें गेलें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

वाटलेलें पीठ ठेवून चालत नाहीं. उन्हाळ्यांत संध्याकाळपर्यंतच तें आंबूं लागतें. फार तर शीतकपाटांत दोन दिवस काढतें. म्हणून लागेल तितकेंच वाटावें. धुतलेले दाणे मात्र शीतकपाटांत तीन-चार दिवस राहतात. शिळ्या भाकऱ्यांचे तेथें तुकडे करून तळतात व मिरचीच्या रश्शांत कालवून सकाळीं खातात. आपली फोडणीची भाकरी ज्यांना आवडते त्यांना हा प्रकार वेगळा सांगावयास नको. राहतां राहिलें चुन्याचें पिवळें पाणी. तें झाडांच्या बुंध्याशीं ओतूं नये, विशेषतः देशावरील काळ्या जमिनींत, कारण तेथें चुनखडी मुळांतच पुष्कळ असते. कोंकणांतील आंबट तांबड्या मातींत थोडें पसरून टाकल्यास हरकत नाहीं. निघालेल्या साली उकिरड्याच्या खड्ड्यांत घालाव्या. त्या लवकर कुजतात.